सफाई कामगारांच्या आरोग्याचा खर्च निविदेच्या स्पर्धेबाहेर ठेवा

संपादक महोदय,

पावसाळा तोंडावर आला की नालेसफाई किती टक्के झाली, किती मेट्रिक टन गाळ निघाला, याचे आकडे वर्तमानपत्रांत रोज येतात. ते यायलाच हवेत. पण तो गाळ काढणाऱ्या, रस्ते झाडणाऱ्या, घंटागाडीवर कचरा घेणाऱ्या माणसांपैकी किती जणांना त्या महिन्यात ताप आला, किती जणांच्या हातात सुई घुसली, किती जणांना हिपॅटायटिस बी लसीचा तिसरा डोस मिळाला, हे कुठे वाचायला मिळत नाही. महापालिका, नगरपरिषदा वर्षातून एखादे आरोग्य शिबिर घेतात. रक्तदाब मोजला जातो, साखर तपासली जाते, मांडव उतरतो आणि विषय तिथेच थांबतो. शिबिराला आमचा विरोध नाही. पण या कामातली दुखणी निविदेच्या कागदावर, कामगार जिथे हजेरीला जमतात त्या हजेरी कोठीत आणि मलवाहिनीच्या चेंबरच्या तोंडाशी अडवावी लागतात. शिबिराच्या मांडवात ती आटोक्यात येत नाहीत.

सुरुवात निविदेपासूनच करायला हवी, कारण शहरांतले सफाईचे बरेचसे काम आता ठेकेदारामार्फत होते. ठेकेदाराचा दर कसा बसतो ते पाहा. किमान वेतन, विशेष भत्ता, भविष्यनिर्वाह निधी, कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) हे आकडे ठरलेले आहेत, त्यांना हात लावता येत नाही. गाडी आणि डिझेल सगळ्यांना जवळपास सारख्याच भावात पडते. मग सगळ्यांत कमी दर भरून काम मिळवायचे तर कात्री लावायला जागा उरते ती हातमोजे, गमबूट, रेनकोट, साबण, तपासणी आणि लस एवढ्यांतच. निविदेत या सगळ्यासाठी बहुधा एकच वाक्य असते: ठेकेदाराने कामगारांना आवश्यक ती सुरक्षा साधने स्वखर्चाने पुरवावीत. आवश्यक म्हणजे कोणती, किती, किती दिवसांनी बदलायची, मापे कोणती, याचा पत्ता नसतो. मग वर्षातून एक जोड हातमोजे देऊन रजिस्टरवर सही घेतली तरी कागद पुरा होतो. लेखापरीक्षकाला आक्षेप घ्यायला जागा नसते, कारण अटीचा भंग झालेलाच नसतो.

यावर उपाय सोपा आहे. या वस्तू आणि सेवा निविदेत वेगळ्या उपशीर्षाखाली घ्याव्यात, त्यांची दर कामगारामागची रक्कम पालिकेने आधीच ठरवून छापावी आणि त्या रकमेवर कोणालाही कमी दर भरता येऊ नये. वाटप झाले, कामगाराची सही किंवा अंगठा झाला, की तेवढेच बिल अदा करायचे. न वाटलेल्या मोज्यांचे पैसे ठेकेदाराला मिळणार नाहीत आणि वाटलेल्या मोज्यांचा भुर्दंडही त्याच्यावर पडणार नाही. बांधकामाच्या निविदांमध्ये ‘प्रोव्हिजनल सम’, म्हणजे आधीच ठरवून राखलेली रक्कम, ठेवण्याची पद्धत पालिकेच्या अभियंत्यांना नवी नाही. तीच सफाईच्या निविदेत आणायची आहे.

‘ते आमचे कामगार नाहीत, ठेकेदाराचे आहेत’ हे उत्तर कायद्यात बसत नाही. कंत्राटी कामगार अधिनियम १९७० मध्येच तरतूद होती की ठेकेदाराने सुविधा दिल्या नाहीत तर मुख्य नियोक्त्याने, म्हणजे इथे पालिकेने, त्या द्याव्यात आणि खर्च ठेकेदाराकडून वसूल करावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत तर कंत्राटी कामगारांच्या कल्याणसुविधांची जबाबदारी थेट मुख्य नियोक्त्यावर टाकली आहे. घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ मध्ये गणवेश, चमकणारे जॅकेट, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणे आणि मास्क ही नावे घेऊन यादी दिलेली होती आणि ते मिळतात हे पाहण्याचे काम स्थानिक संस्थेकडे होते. कायदा इथे कमी पडलेला नाही. तो निविदेत उतरवण्याचे तेवढे राहून गेले आहे.

आता हातमोज्याविषयी थोडे विस्ताराने, कारण ‘दिले तर वापरत नाहीत’ ही तक्रार सर्वांत जास्त याच्याबद्दल होते. साधारणपणे जो मोजा वाटला जातो तो एकाच मापाचा, जाड रबराचा असतो. बाईच्या हातात तो इतका सैल बसतो की खराट्याचा दांडा धरताना बोटांच्या टोकाशी रबर दुमडते आणि पकड सुटते. उन्हात तासाभरात आत घाम साचतो, कातडी पांढरी पडून मऊ होते, बोटांच्या बेचक्यांत चिघळते. मऊ झालेल्या कातडीत जंतू लवकर शिरतात, म्हणजे मोज्याने उलट धोका वाढवला. शिवाय साधे रबर काच किंवा सुई अडवत नाही. कचरा वेगळा करणाऱ्याला तळहाताच्या बाजूने नायट्राइलचा लेप असलेला आणि वरून जाळीदार विणीचा, काप न जाऊ देणारा मोजा लागतो. गाळात हात घालणाऱ्याला कोपरापर्यंत येणारा पीव्हीसीचा मोजा लागतो. नुसते झाडण्याचे काम असेल तर हलका सुती मोजाही पुरतो. म्हणजे एका शहरात किमान तीन प्रकार आणि प्रत्येकाची तीन-चार मापे. खरेदीआधी प्रत्येक प्रकाराचे पंचवीस-तीस जोड वेगवेगळ्या कोठ्यांवर आठवडाभर वापरायला द्यावेत आणि कामगारांनी नापसंत केलेला मोजा खरेदीच करू नये. बदलण्याचा नियम तारखेवर न ठेवता ‘फाटका जोड आणा, नवा घेऊन जा’ असा ठेवला तर साठेबाजीही होत नाही आणि फाटक्या मोज्यानिशी कोणी कामही करत नाही. बिनबोटांचे फाटके मोजे घालून कचरा निवडणारा माणूस रस्त्यावर दिसला तर त्या कोठीवर साठा संपलेला आहे, असे खुशाल समजावे.

गमबुटाचेही तसेच. तळव्यात पोलादी पत्रा नसेल तर खिळा आणि काच आरपार जातात. पण पावसाळ्यात त्याहून मोठी अडचण ओलाव्याची. ओला गमबूट एका रात्रीत वाळत नाही, सकाळी तोच ओला बूट पायात जातो आणि आठ-दहा दिवसांत बोटांच्या मध्ये चिखल्या होतात. चिखल्या झालेला पाय नाल्याच्या पाण्यात गेला की लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) जंतूंना दार उघडेच. म्हणून पावसाळ्याचे चार महिने प्रत्येकाला दोन जोड बूट आणि निदान तीन जोड सुती पायमोजे हवेत, आणि कोठीवर बूट उलटे टांगायला खुंट्या हव्यात. मास्कबद्दल एवढेच की कापडी किंवा निळा सर्जिकल मास्क रस्त्याची बारीक धूळ अडवत नाही. त्यासाठी एन-९५ लागतो, तो नाकाशी नीट दाबून बसवावा लागतो आणि ओला झाला की बदलावा लागतो. मुळात धूळ उडूच नये म्हणून झाडण्याआधी पाण्याचा हलका शिडकावा करणे आणि छातीपर्यंत उंचीचा दांडा असलेला खराटा देणे, हे मास्कपेक्षा जास्त उपयोगाचे आहे. लांब दांड्याने कंबरही वाचते.

सर्वांत गंभीर विषय चेंबरचा. हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम २०१३ साली झाला, ६ डिसेंबर २०१३ पासून तो लागू आहे. मलवाहिनीत किंवा सेप्टिक टाकीत संरक्षणाविना माणूस उतरवणे त्या कायद्याने गुन्हा आहे. यंत्राने काम होणे शक्यच नसेल तेव्हाच, स्थानिक संस्थेच्या प्रमुख अधिकाऱ्याने कारण नोंदवून लेखी परवानगी दिली तर आणि सगळी साधने असतील तरच माणूस उतरवता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली, कायमच्या अपंगत्वासाठी किमान २० लाख. तरीही माणसे मरतात, आणि पुष्कळदा एकापाठोपाठ एक मरतात. पहिला खाली कोसळतो, दुसरा त्याला काढायला उतरतो, मग तिसरा. हे का होते ते प्रत्येक मुकादमाला नेमके कळले पाहिजे.

चेंबरमध्ये साचलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो तोच हा. हवेपेक्षा तो किंचित जड, म्हणून तळाशी बसतो. त्याचा घातक गुण असा की प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. ‘आता वास येत नाही, उतरायला हरकत नाही’ असे म्हणून माणूस उतरतो तो नेमका याच वेळी. प्रमाण ५०० ते १००० पीपीएमपर्यंत गेले तर थोड्याच श्वासांत शुद्ध हरपते. वरून पाहिले तर चेंबर शांत दिसते, पण वायू गाळाखाली अडकलेला असतो. फावडे लागले, गाळ ढवळला गेला की तो एकदम उसळतो. त्यामुळे उतरताना हवा ठीक होती, हे पाच मिनिटांनंतर खरे राहीलच असे नाही. मिथेन हा दुसरा वायू. तो हवेत सुमारे पाच टक्क्यांवर गेला की ठिणगीने पेट घेतो. म्हणून काडी पेटवून किंवा कंदील सोडून हवा पाहण्याची जुनी रीत तत्काळ बंद व्हायला हवी. त्या ज्योतीने हायड्रोजन सल्फाइड कळत नाही आणि मिथेनचा मात्र भडका उडतो.

काम असे व्हायला हवे. ज्या चेंबरमध्ये उतरायचे त्याच्यासह वाहिनीवरच्या आधीच्या आणि नंतरच्या चेंबरचीही झाकणे उघडायची आणि हवा खेळू द्यायची. ताजी हवा आत ढकलणाऱ्या ब्लोअरची नळी तळापर्यंत सोडून तो काम संपेपर्यंत चालूच ठेवायचा. ब्लोअर जनरेटरवर चालत असेल तर जनरेटर वारा ज्या दिशेला वाहतो त्या अंगाला, चेंबरपासून लांब ठेवायचा. तो ब्लोअरच्या तोंडाशी ठेवला तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड आपणच आत ढकलतो, आणि त्याला वास नसतो. मोकळी हवा म्हणून ऑक्सिजनचे सिलिंडर आत सोडायचे नाही, आग लागते. मग चार वायूंचे मापक घ्यायचे: ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड. त्याची नळी वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन ठिकाणी धरायची आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचे. बांबूने गाळ ढवळून पुन्हा मोजायचे. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली किंवा हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या वर असेल तर कोणीही उतरायचे नाही. उतरणाऱ्याच्या अंगावर पूर्ण हार्नेस (अंगभर बांधायचा पट्टा) हवा, त्याची दोरी तिकाटण्यावरच्या चरखीला आधीच अडकवलेली हवी, श्वासाला बाहेरून हवा देणारा मुखवटा हवा आणि मापक त्याच्या छातीवर चालू हवे. वर उभ्या माणसाला दुसरे काही काम द्यायचे नाही. खालचा उत्तर देईनासा झाला की वरच्याने चरखी फिरवायची. पाठोपाठ उतरायचे नाही. हार्नेस आधीपासून अंगावर असेल तरच हे जमते, आणि नेमका तोच ‘पाच मिनिटांचे काम आहे’ म्हणून गाडीत राहतो.

ही साधने घेतली म्हणजे झाले असेही नाही. वायुमापकाचे सेन्सर दोन-तीन वर्षांत निकामी होतात, आणि मधल्या काळात ठरलेल्या वायूवर तपासून, कॅलिब्रेट करून घ्यावे लागतात. सेन्सर मेला तरी पडद्यावर शून्य दिसू शकते आणि शून्य म्हणजे सुरक्षित असे वाचले जाते. म्हणून उपकरणाच्या पेटीवर शेवटच्या कॅलिब्रेशनची तारीख ठळक लिहिलेली असावी. निविदेत खरेदीबरोबर तीन वर्षांच्या देखभालीचा करार असावा. एका मृत्यूच्या भरपाईच्या अगदी लहान हिश्श्यात मापक, तिकाटणे, चरखी आणि ब्लोअर असा पूर्ण संच येतो. तो प्रत्येक प्रभाग कार्यालयाला असायला हवा. मुख्य भांडारात कुलपात ठेवलेला संच उपयोगाचा नाही.

सुई टोचण्याकडे वळतो. घरगुती कचऱ्यात इन्सुलिनच्या सुया, दाढीची पाती, फुटलेल्या काचा उघड्या येतात. सुई टोचली तर जखम दाबून रक्त काढायचे नाही, तोंडाने ओढायचे नाही, त्यावर ब्लीच किंवा स्पिरिट ओतायचे नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची आणि लगेच सरकारी रुग्णालय गाठायचे. एचआयव्ही टाळणारी औषधे शक्यतो दोन तासांत सुरू व्हावीत, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. ती २८ दिवस घ्यायची असतात आणि ती लागतील की नाही हे एआरटी केंद्रातले (एचआयव्हीवरील उपचारांच्या सरकारी केंद्रातले) डॉक्टर ठरवतात. त्याच भेटीत हिपॅटायटिस बीची स्थिती पाहायची आणि धनुर्वाताच्या लसीची गरज तपासायची. प्रत्यक्षात काय होते? कामगार पाळी पूर्ण करतो, कारण निघून गेला तर खाडा लागतो. संध्याकाळी गल्लीतल्या दवाखान्यात धनुर्वाताचे इंजेक्शन घेतो आणि त्यालाच उपचार समजतो. हे बदलायला दोनच गोष्टी लागतात. सुई टोचून रुग्णालयात गेलेल्याची त्या दिवसाची हजेरी पूर्ण धरली जाईल, असा लेखी आदेश निघाला पाहिजे. आणि प्रत्येक मुकादमाच्या खिशात जवळच्या एआरटी केंद्राचा पत्ता व फोन असलेले कार्ड पाहिजे.

हिपॅटायटिस बीची लस तीन डोसांची: पहिला, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. शिबिरात पहिला डोस होतो. दुसऱ्याला निम्मे येतात. तिसऱ्यापर्यंत ठेका संपतो किंवा वाढीव मुदतीवर चालू असतो, आणि यादी ज्या ठेकेदाराकडे होती तो गेलेला असतो. लसीचा खर्च झाला, संरक्षण मात्र अर्धवट. लसीची नोंद ठेकेदाराकडे न ठेवता पालिकेच्या आरोग्य विभागाकडे, कामगाराच्या नावावर ठेवली तर हे थांबेल. तिसऱ्या डोसानंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिपिंडे एकदा मोजावीत. दर मिलिलिटरमागे १० मिलियुनिटच्या वर असली की लस लागू पडली. धनुर्वाताची मात्रा दर दहा वर्षांनी घ्यायची असते, तीही त्याच नोंदीत बसेल.

लेप्टोबद्दल पावसाळ्यात जाहिराती लागतात, पण नाल्यात उभ्या माणसासाठी वेगळा कार्यक्रम लागतो. उंदीर, कुत्री, गुरे यांच्या मूत्रातून हे जंतू पाण्यात येतात आणि कातडीच्या चिरांमधून शरीरात जातात. साधारण पाच ते चौदा दिवसांनी ताप येतो, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात. उशीर झाला तर कावीळ होते आणि मूत्रपिंडे बंद पडतात. पाण्यात सतत काम असेल त्या आठवड्यांत डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिनची २०० मिलिग्रॅमची मात्रा देतात. गरोदर स्त्रियांना ती चालत नाही. उपाशीपोटी घेतली तर मळमळते, म्हणून एकदा त्रास झालेला माणूस पुढच्या आठवड्यात गोळी टाकून देतो. पूर्ण पाकीट हातात देण्यापेक्षा ठरलेल्या वारी, न्याहारीनंतर, कोठीवर सगळ्यांसमोर भरपूर पाण्याबरोबर गोळी घ्यायची पद्धत जास्त टिकते. आणि तापाने आजारी पडलेल्याच्या हातात मुकादमाची एक चिठ्ठी हवी: हा कामगार गेल्या दोन आठवड्यांत नाल्याच्या पाण्यात काम करत होता. एवढ्या एका ओळीने डॉक्टर लेप्टोची तपासणी पहिल्याच दिवशी सांगतो, नाहीतर चार दिवस साध्या तापाच्या गोळ्यांत जातात.

आरोग्य तपासणीचे काय व्हावे? मलवाहिनीत काम करणाऱ्यांची तपासणी दर सहा महिन्यांनी व्हावी असे २०१३ च्या नियमांत आहे. तिचा गाभा श्वसन आणि त्वचा हा असावा. छातीचा एक्स-रे, फुंकर मारून फुफ्फुसाची ताकद मोजणारी स्पायरोमेट्री, दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची क्षयासाठी तपासणी. कचरा दाबून भरणाऱ्या कॉम्पॅक्टर गाडीवरच्या चालक आणि मदतनिसांची ऐकण्याची तपासणी. पण तपासणीपेक्षा अवघड आहे ते त्यानंतरचे. कामगार खरी दुखणी लपवतो, कारण क्षय किंवा दमा निघाला तर ‘उद्यापासून येऊ नकोस’ हे ऐकावे लागेल अशी धास्ती त्याला असते. ती धास्ती खरी आहे. म्हणून तपासणीचा अहवाल दोन भागांत असावा. आजाराचे नाव कामगार आणि डॉक्टर यांच्यातच राहावे. विभागाकडे फक्त एवढेच जावे: कामास योग्य, अमुक काम वगळून योग्य, किंवा इतके दिवस विश्रांती. आणि ‘अमुक काम वगळून’ म्हटलेल्या कंत्राटी कामगाराला त्याच ठेक्यात दुसरे काम देण्याची अट निविदेत हवी. कायम कामगाराला हलके काम मिळते, मग शेजारी उभ्या कंत्राटी कामगाराला का मिळू नये?

राज्य विमा योजनेत पैसे कापले जातात, पण लाभ हाती येत नाही, यामागे बहुतेक वेळा विमा क्रमांकांचा घोळ असतो. दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत पगार असणाऱ्याच्या पगारातून ०.७५ टक्के आणि ठेकेदाराकडून ३.२५ टक्के जातात. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो, पण त्यासाठी एप्रिल-सप्टेंबर किंवा ऑक्टोबर-मार्च अशा सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी जमा झालेली असावी लागते. आता ठेकेदार बदलला, नव्याने जुना विमा क्रमांक न विचारता नवीनच काढला, की मागची वर्गणी जुन्या क्रमांकावर पडून राहते आणि नवा क्रमांक ७८ दिवस भरत नाही. विमा क्रमांक आयुष्यभर एकच असतो. ठेका बदलताना पालिकेने सर्व कामगारांचे विमा क्रमांक आणि भविष्यनिर्वाह निधीचे कायमचे खाते क्रमांक (यूएएन) स्वतः नव्या ठेकेदाराच्या हाती द्यावेत आणि पहिल्या महिन्याचे बिल ते जुळल्याशिवाय काढू नये. कामावर झालेल्या दुखापतीला तर या दिवसांची अटही नाही. पहिल्या दिवसापासून ९० टक्के मिळतात, मात्र अपघाताची नोंद ठेकेदाराने वेळेत करायला हवी. काच लागून दहा टाके पडले तरी ती नोंद अनेकदा होत नाही. मलवाहिनी आणि सेप्टिक टाकीच्या कामगारांसाठी, आणि पुढे कचरावेचकांसाठीही, केंद्राची ‘नमस्ते’ योजना आहे. तिच्यातून साधने आणि आयुष्मान कार्ड मिळते, पण आधी पालिकेने त्यांची नावे नोंदवायला हवीत.

हजेरी कोठीचे छायाचित्र कधी वर्तमानपत्रात आलेले आठवत नाही. पहाटे साडेपाच-सहाला जिथे कामगार जमतात तिथे स्त्रियांसाठी आतून कडी लागणारे, पाण्याचे स्वच्छतागृह हवे. ते नसते तिथे बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत. मग उन्हाळ्यात लघवीची जळजळ, मूत्रमार्गाचा संसर्ग, चक्कर. वीस-पंचवीस कामगारांमागे निदान दोन न्हाणीघरे, साबण, कपडे बदलायला आडोसा आणि घरचे कपडे व कामाचे कपडे वेगवेगळे ठेवायला कुलपाचे खण हवेत. हे नसले की मळलेला गणवेश घरी जातो आणि पोरांच्या कपड्यांबरोबर एकाच बादलीत धुतला जातो. धुलाई भत्ता देऊन हा प्रश्न सुटत नाही, आणि कंत्राटी कामगाराला तो भत्ताही नसतो. कोठीवर धुलाई यंत्र ठेवणे किंवा गणवेश धुण्याचे काम एकत्र देणे, हे भत्त्यापेक्षा बरे. एप्रिल-मे महिन्यांत झाडण्याची पाळी अकराच्या आत संपावी आणि दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी मिळेल एवढी सोय झाडण्याच्या प्रत्येक हद्दीवर (बीटवर) असावी. सुट्टीवरून परतलेल्या किंवा नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात पूर्ण उन्हातले काम देऊ नये, शरीराला सवय व्हायला तेवढे दिवस लागतात.

दारूविषयीही उघड बोलले पाहिजे. वास सहन होत नाही म्हणून पिऊन उतरण्याची सवय या कामात जुनी आहे. ती शिस्तभंगाच्या नोटिशीने सुटत नाही. पालिकेच्या रुग्णालयात समुपदेशक नेमावा, उपचाराच्या दिवसांची रजा पगारी असावी आणि ही रजा घेतल्याची नोंद सेवापुस्तकात ठपका म्हणून येऊ नये.

नागरिकांनी करायचे ते थोडेच आहे, पण त्याने हात वाचतात. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून वेगळे द्यावे. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने ही पद्धत रुजवली आहे. फुटलेली काच जाड पुठ्ठ्यात बांधून वर ‘काच’ लिहावे. सुया टणक प्लास्टिकच्या बाटलीत भरून, झाकण चिकटवून द्याव्यात.

आपल्या शहराच्या सफाईची पुढची निविदा स्थायी समितीपुढे येईल तेव्हा तिची प्रत आपल्या बातमीदाराने जरूर मागवावी. तिच्यात आरोग्य आणि सुरक्षा साधनांसाठी दर कामगारामागे ठरवलेली, कमी करता न येणारी रक्कम आहे का, लसीची नोंद कोणाकडे राहणार हे लिहिले आहे का, आणि वायुमापकाच्या कॅलिब्रेशनची मुदत दिली आहे का, या तीन गोष्टी पाहून त्या जशा असतील तशा छापाव्यात, अशी विनंती आहे.

आपले,
कामगार आरोग्य व सुरक्षा क्षेत्रात काम करणारे काही वाचक